चढणीचा मासा आणि बंधाऱ्याचे बर्गे

नदीला नवं पाणी आलं की मासा उलटा निघतो, धारेच्या तोंडावर. वर जाऊन अंडी घालायची आणि पूर ओसरताना खाली यायचं. सॅमन हा परदेशी मासा समुद्रातून येतो, आपला मासा खालच्या डोहातून येतो. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये संपलं आणि त्याच ऑक्टोबरात सॅमन शंभराहून जास्त वर्षांनी वरच्या ओढ्यात पोचले. जायकवाडी कोणी पाडणार नाही, पाडूही नये. पण पैठणच्या खाली नांदेडपर्यंत गोदावरीवर बंधाऱ्यांची रांग आहे आणि तिथे बरंच काही जमण्यासारखं आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचंच बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे तिथले दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. भांडण पाण्याच्या वाटपाचं होतं, माशांचा विचार त्यात कुठेच नव्हता. तरी खालच्या बाजूच्या, तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाकडून येणाऱ्या माशाला आयती वाट मिळाली. उणं एकच: जूनच्या मध्याला लोंढा आला तर दार बंदच.

ओढ्यांवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यांत हे आपल्या हातात असतं. बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खाचेत बसवलेल्या लोखंडी फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात, पण गंजून खाचेत अडकतात, मग 'राहू द्या या वर्षी' होतं. मे महिन्यातच एकेक हलवून बघावा. सगळे निघत नसतील तर कोरड्या दिवसांत जिथे धार वाहते, ते गाळे (दोन खांबांमधल्या जागा) आधी मोकळे करावेत.

बर्गे काढले तरी काम संपत नाही. खालचं काँक्रीट जिथे संपतं तिथे पुराचं पाणी खड्डा पाडतं आणि दीड फुटाची पायरी तयार होते. सॅमन ती उडी मारून चढेल, आपल्या बहुतेक माशांना ती भिंतच. त्यावर दगडी उतार घालावा, १ ला २० किंवा त्याहून सौम्य. म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या पायरीला किमान ९ मीटर लांबी. दगड काळे, अर्धा मीटर किंवा मोठे, एक तृतीयांश जमिनीत पुरलेले. लहान असले तर पहिल्याच पुरात वाहून जातात. मधे पाणी २०-३० सेंटिमीटर खोल राहिलं पाहिजे. गुळगुळीत काँक्रीटवरून पातळ पाणी सरकत असेल तर मासा नुसता घसरतो. बांधकामाला हात लावण्याआधी जलसंपदा खात्याची परवानगी घ्या.

उताराच्या खालच्या टोकाची जागा बहुतेक जण चुकवतात. मासा मुख्य धार शोधत थेट भिंतीच्या पायाशी येतो. वाटेचं तोंड पन्नास मीटर खाली कडेला काढलं तर त्याला ते सापडतच नाही.

याच पायाशी भोईबांधवांची जाळी लागतात, कारण अडलेला मासा तिथेच साचतो. जून-जुलैत शंभर मीटर तरी सोडावं. अंडी भरलेली मादी एक गेली की पुढच्या वर्षीचा लाखभर जीव गेला. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. रोहू-कटल्याचं बीज सोडून ही तूट भरून निघत नाही, वाम, शिंगाडा हे मासे त्यातून येत नाहीत.

बंधाऱ्याखाली मासे उड्या मारताना दिसले की पुलावर गर्दी जमते, मोबाइल निघतात. ते चढत नसतात. वाट सापडत नाही म्हणून भिंतीवर आपटत असतात.