मेजावर उलगडलेली नोटीस

आज दुपारी पोस्टमनने वसुलीची नोटीस हातात ठेवली. पंधरा दिवसांत थकबाकी भरली नाही, तर इंदूरच्या छावणीतले आमचे दुकान जप्त होणार आहे. ह्यांना सांगण्याआधी मी ती स्वयंपाकघरात तीनदा वाचली. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, हे कळलेच नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी नोटिशीची घडी मोडून ती क्रूसाखालच्या मेजावर पसरली आणि म्हणाल्या, "हिज्कीयाने केले तेच आपण करू या." हिज्कीया हा बायबलमधला यहूदा राज्याचा राजा. इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा (ॲसिरियाचा) राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला आणि त्याचे धमकीचे पत्र राजधानी यरुशलेमला पोहोचले, तेव्हा हिज्कीयाने ते मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे उलगडले. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रेच्या राष्ट्रे उद्ध्वस्त केली आहेत, हे त्याने प्रार्थनेत मान्य केले; संकट लहान करून सांगितले नाही, आणि मला तेच फार मोलाचे वाटते. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखात ४६ तटबंदीची शहरे जिंकल्याची आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडल्याची नोंद आहे, पण यरुशलेम घेतल्याची नाही.

आम्हीही रक्कम आणि मुदत मोठ्याने वाचली. रकमेपाशी ह्यांचा आवाज दाटून आला, तेव्हा सासूबाईंनी पुढची ओळ वाचली. मग आम्ही गुडघे टेकले.

उद्या सकाळी वकिलांकडे जायचे आहे. हिज्कीयानेही वेढ्याआधी शहराच्या पाण्याची तजवीज केलीच होती. नोटीस अजून मेजावर तशीच उघडी आहे.