आवाज पुढे, ओठ मागे

मोबाइलवर शूट केलेली क्लिप सुरुवातीला ठीक चालते आणि दहाव्या मिनिटाला आवाज-ओठ जुळेनासे होतात. दोष बहुतेक वेळा फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) टिपली जातात त्याचा. फोन उजेडानुसार तो कमीजास्त करतो, काही एडिटर मात्र तो स्थिर धरून चालतात. मीडियाइन्फो या फाइलचा तपशील दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये फाइल उघडा. फ्रेमरेट मोडपुढे 'व्हेरिएबल' दिसलं, तर आवाज हाताने सरकवत बसू नका. थोड्या वेळाने तो पुन्हा घसरणारच. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या अ‍ॅपच्या व्हिडिओ टॅबमध्ये शूटिंगचाच फ्रेमरेट (बहुधा ३०) आणि 'कॉन्स्टंट' निवडा, क्वालिटीचा आकडा (आरएफ; कमी म्हणजे दर्जा चांगला) १८ च्या आसपास ठेवा. हे एडिटिंगआधीच उरका. अर्ध्या कामात क्लिप बदलली की आधीचे कट हलतात, आणि मग ते शोधत बसणं फार कंटाळवाणं.

प्लेबॅक अडखळणं हे वेगळं दुखणं. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमवरून त्या उभ्या कराव्या लागतात. प्रिव्ह्यू रिझोल्यूशन कमी करूनही हे काम फारसं हलकं होत नाही. सरळ ७२०पी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल बनवा. एक्सपोर्टच्या वेळी मूळ फाइलच वापरली जातेय ना, एवढं तपासा.

रेंडर (तयार व्हिडिओ बनवण्याचं काम) दर वेळी एकाच टक्क्याला थांबतो? टाइमलाइनवर साधारण त्या जागेचा इफेक्ट बंद करून तेवढाच भाग एक्सपोर्ट करून पाहा. दर वेळी वेगळ्या टक्क्याला थांबत असेल, तर संशय रॅमवर किंवा तापमानावर घ्या. आणि फाइल बरोबर ४ जीबीला अडकली, तर ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात याहून मोठी फाइल मावत नाही. डेटा दुसरीकडे हलवून ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.