पावलो एकदाचो (पोचला एकदाचा)

गोव्याबाहेरचे पाहुणे आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतात, "जुन्या गोव्यातलं ते शव खरंच कुजलेलं नाही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ते शव ख्रिस्ती संत फ्रान्सिस झेवियर यांचं. ते 3 डिसेंबर 1552 रोजी चीनजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. मांस लवकर झडावं, हाडं गलबतातून नेता यावीत म्हणून पेटीत चुना भरला होता. काही महिन्यांनी पेटी उघडली तर देह तसाच, असं तेव्हाचे लोक सांगत. मग देह आधी मलायातल्या मलाक्का बंदरात, आणि 1554 साली गोव्यात आणला. आज चांदीच्या पेटीत दिसतो तो सुकलेला देह आहे. उजवा हात 1614 मध्ये रोमला गेला.

पण मी पाहुण्यांना जवळच्या टेकडीवरही नेते. तिथं सेंट ऑगस्टीन चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा अर्धाच उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान धर्म सोडेना म्हणून इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारलं. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थी उचलल्या आणि त्यातल्या काही इथं आणून ठेवल्या. पुढे चर्च पडलं, रान माजलं. जुन्या पोर्तुगीज कागदांत एका खिडकीजवळच्या पेटीचा उल्लेख होता, त्यावरून शोध चालला. अखेर उत्खननात हाताचं हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून ते तिचंच असावं असं सांगितलं, आणि 2021 मध्ये अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला पोचला. जवळजवळ चारशे वर्षं कुणीतरी तिची वाट पाहत होतं! मला ते न कुजण्याहून मोठं वाटतं.

का, ते आमच्या घरातलं आहे. आजोबा मुंबईत छापखान्यात कंपोझिटर होते. 1957 मध्ये तिथंच गेले. तेव्हा पोर्तुगीज गोव्याची सरहद्द भारताने आवळलेली, परवान्याशिवाय पलीकडे जाता येईना. निरोप महिन्याने आला. चाळीतल्या शेजाऱ्याने अग्नी दिला, अस्थी तांब्यात भरल्या, वर फडकं बांधलं. अस्थी घरात घेत नाहीत, म्हणून तांब्या गॅलरीच्या आढ्याला टांगला. पाच पावसाळे तो तिथंच होता. येता-जाता तो गृहस्थ त्याला हात जोडायचा, असं आजीला त्यानेच सांगितलं.

गोवा मुक्त झाल्यावर, 1962 च्या जानेवारीत तो शेजारी सरहद्दीवरच्या पत्रादेवीवरून तांब्या घेऊन आला. आजीने तांब्या परसातल्या फणसाला बांधायला लावला आणि रात्रभर खाली बसून राहिली. सकाळी विसर्जनासाठी हरवळ्याच्या धबधब्यावर नेल्यावर फडक्याची गाठ सुटेना. पाण्याने, धुराने ती दगडासारखी झाली होती. भटजी म्हणाले, कापा. आजीने कुणाला हात लावू दिला नाही. धबधब्याच्या काठावर बसून नखांनी एकेक पीळ मोकळा करत राहिली, बराच वेळ.

"पावलो एकदाचो," म्हणाली, आणि मग पाण्यात उतरली.