अपडेटनंतर वायफाय गायब
आज लिनक्स अपडेट झालं आणि वायफायचा आयकॉनच गायब. कार्ड गेलं की काय म्हटलं, पण एलएसपीसीआयमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरची यादी दाखवणारी कमांड) कार्ड व्यवस्थित दिसतंय, फक्त त्याखाली कुठला ड्रायव्हर वापरात आहे ती ओळच नाही, म्हणजे हार्डवेअर ठणठणीत, ड्रायव्हरचं मॉड्यूलच लोड नाही. आरएफकिल (वायरलेस ब्लॉक आहे का ते दाखवणारी कमांड) पण बघितलं, ब्लॉक वगैरे काही नाही. शेवटी डीकेएमएसचं (नवीन कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बिल्ड करणारी सोय) स्टेटस बघितल्यावर कळलं, नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आला पण त्याचे हेडर्स, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या फाइल्स, आलेच नाहीत, मग मॉड्यूल बिल्ड होणार कशाच्या जोरावर! आता गंमत अशी की नेट चालू करायला पॅकेज हवं आणि पॅकेज उतरवायला नेट, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचंच नेट वापरलं, म्हणून निभावलं. हेडर्स टाकले, मॉड्यूल बिल्ड झालं, मोडप्रोब मारून ते लोड केलं, झालं चालू. उठसूट 'फॉरमॅट मार' सांगणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार.