पाणी म्हणजे गोंद

आज लेकीला समुद्रावर नेताना डोक्यात मोठा बेत होता. शंख मोजायचे, आकार ओळखायचे वगैरे. पाच मिनिटांत सगळा बारगळला. तिला फक्त किल्ला करायचा होता.

तोही कोरड्या वाळूत! तीनदा ढासळला. मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण गप्प बसले (हे मला फार क्वचित जमतं). मग तिनेच बादलीभर पाणी आणून ओतलं, तर नुसता रबरबाट. पुढच्या खेपेला थोडंसंच शिंपडलं आणि बुरूज उभा राहिला. "आई, पाणी म्हणजे गोंद आहे का गं?" जवळजवळ तसंच. कणांमधलं थोडं पाणी त्यांना धरून ठेवतं, जास्त झालं की कण सुटे होतात.

नंतर ओल्या वाळूत एक बीळ दिसलं, भोवती बारीक गोळ्यांची नक्षी. दोघी पालथ्या पडून राहिलो. नखाएवढा खेकडा बाहेर आला, वाळू तोंडाशी नेली, त्यातलं खाणं काढून घेतलं आणि उरलेल्याची गोळी करून बाजूला टाकली. "म्हणजे तो बिया थुंकतो!"

काठी रोवून भरतीही मोजली. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, चंद्रामुळे, असं मी उत्साहाने सांगितलं. तिचं लक्षच नव्हतं. परतताना मात्र अचानक, "चंद्राला उशीर झाला म्हणून कोण ओरडतं?"

शंख एकही मोजला नाही. वाळू अजून बाथरूमभर आहे.