तार म्हणजेच चासी

गुरुवार, रात्री साडेअकरा

अ‍ॅम्प पुरा झाला, इलेक्ट्रिक गिटारचा. मागचं जाळीचं झाकण लावलं, आठही स्क्रू आवळले आणि कितीतरी वेळ नुसता त्याच्यासमोर बसून राहिलो. दोन ईएल ८४ व्हॉल्व (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या), त्यांच्या आधी दोन १२ एएक्स ७, बारा इंची स्पीकर, सागवानी पेटी. तीन महिने रोज जेवण झाल्यावर गॅलरीत बसून केलेलं काम आहे. याआधी दोन केले, पण ते घरचे. एक माझ्याकडेच आहे, एक मित्राला दिला. पैसे घेऊन देणार तो हा पहिलाच. लालबागचा एक मुलगा चोवीस हजाराला घेतोय. पाच हजार आगाऊ देऊन गेलाय, सगळ्या पाचशेच्या नोटा, लहान मुलांना गिटार शिकवून साठवलेल्या.

आनंद व्हायला हवा. होतोही आहे. पण झोप येत नाही.

गिटार वाजवणाऱ्यालाही बहुतेक वेळा ठाऊक नसतं की आपण हातात काय धरलंय. तारा गिटारच्या अंगावरच्या धातूच्या ब्रिजवर टेकतात. ब्रिजखालून एक बारीक वायर, केबल खुपसतो त्या जॅकच्या बाहेरच्या कड्याला जाते. तिथून केबलच्या आतल्या धातूच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या चासीला, सगळे भाग बसवलेत त्या पत्र्याच्या सांगाड्याला. म्हणजे तो मुलगा वाजवत असेल तेव्हा माझी चासी दोन्ही हातांत धरून बसलेला असेल. घरातला मिक्सर बिघडला तर माणूस झटका बसून हात मागे घेतो. इथे बोटं तारांवर दाबलेली, तीही घामाने ओली. त्या चासीत मी ३३० व्होल्टचा पुरवठा बांधलाय, आणि भिंतीतून २३० येतायत ते वेगळेच.

वडील व्हॉल्वचे रेडिओ दुरुस्त करायचे. चालू रेडिओत हात घालायची वेळ आली की त्यांचा डावा हात पँटच्या खिशात जायचा. लहानपणी मला ती त्यांची ऐट वाटायची. करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू नये म्हणून तो हात खिशात असतो, हे फार उशिरा कळलं. आता माझाही जातो, आपोआप. पण गिटारवाल्याला कुठला हात खिशात घालायला सांगणार?

शुक्रवार

मित्राकडच्या अ‍ॅम्पचं मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्या सरावाच्या खोलीत अ‍ॅम्पचा लाइन-आउट (आवाज बाहेर न्यायचं तोंड) सगळे माइक जोडलेल्या मिक्सिंग बोर्डाला जोडला की हमिंग, म्हणजे सततची घूं, यायचं. बँडमधल्या कुणीतरी सुचवलं, थ्री-पिनची मोठी पिन काढून टाक. त्याने काढली. हमिंग गेलं, सगळे खूश. आठवड्याभराने गाताना त्याचे ओठ माइकला टेकले आणि तोंडभर मुंग्या आल्या. हे मला त्याने फोनवर हसत हसत सांगितलं. मी चहा तसाच ठेवून निघालो.

झालं होतं ते असं. पिन काढल्यावर चासीचा जमिनीशी संबंध तुटला. कुठल्याही ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधून थोडासा करंट गळतोच. अर्थिंग असेल तर तो मुकाट जमिनीत जातो, नसेल तर चासीवर, म्हणजेच तारांवर, वाट बघत थांबतो. माइक मिक्सिंग बोर्डामार्फत जमिनीला जोडलेला. बोटं तारांवर, ओठ माइकवर. वाट मिळाली. गळतीचाच करंट होता म्हणून मुंग्यांवर निभावलं. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं असतं तर त्याच वाटेने पुरे २३० व्होल्ट गेले असते. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर माइकला हात लावताक्षणी शॉक लागून गेला. गिटार त्याच्या गळ्यात होती. मित्राकडे जाताना पूर्ण रस्ताभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

जाताना मी त्याच्यावर भयंकर चिडलो होतो. येताना गाडीत तो राग टिकला नाही. पिन त्याने काढली हे खरं, पण हमिंग कुणाचं होतं? माझंच. मी इनपुट जॅकचा अर्थ, म्हणजे जमिनीकडे जाणारी बाजू, थेट चासीवर आवळला होता. मिक्सिंग बोर्डाचाही अर्थ जमिनीला, अ‍ॅम्पचाही, आणि दोघांमध्ये केबलची जाळी. असं मोठं कडं तयार झालं की त्यात पन्नास हर्ट्झचा करंट फिरत राहतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. हौस म्हणून कुणी अर्थिंगची पिन काढत नाही. लोक हमिंगला कंटाळून काढतात. तोवर मी हमिंगला आवाजातला दोष समजत होतो. त्या रात्रीपासून माझ्या लेखी तो जिवावरचा दोष आहे.

म्हणून या अ‍ॅम्पमध्ये जॅक प्लॅस्टिकच्या अंगाचे आहेत, चासीला कुठेही न टेकणारे. चासी स्वतः अर्थिंगला थेट जोडलेली, मध्ये काहीही नाही. आवाजाच्या सर्किटचा अर्थ मात्र चासीला दहा ओहमच्या रेझिस्टन्समधून जातो, आणि त्या रेझिस्टन्सला समांतर पस्तीस अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (गिटारच्या ब्रिजशी याचा संबंध नाही; दाब थोडा वाढला की करंटला वाट देणारे डायोड). हमिंगचा इवलासा दाब दहा ओहमशी अडतो. पण उद्या खरोखरच काही फुटून त्या बाजूला वीज आली, तर ब्रिज वाट मोकळी करतो, सगळा करंट अर्थिंगमध्ये जातो आणि फ्यूज उडतो. आधीच्या अ‍ॅम्पपेक्षा मला याचा जास्त अभिमान आहे तो आवाजामुळे नाही, या चार पायांच्या ब्रिजमुळे आहे. मित्राच्या अ‍ॅम्पमध्येही नंतर हाच बदल करून दिला आणि नवी थ्री-पिन स्वतः बसवली.

शनिवार

कंपनीतून मेगर, इन्सुलेशन किती पक्कं ते मोजायचं यंत्र, मागून आणलाय. ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र धरून चासीशी मोजलं, काटा १०० मेगओहमच्या पलीकडे. लॅमिंग्टन रोडच्या ज्या वाइंडरने ट्रान्सफॉर्मर गुंडाळला त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ‘दोन वेटोळ्यांत कागद जास्त घाला, जाड झाला तरी चालेल,’ असं मी तीनदा बजावलं होतं, आणि तिसऱ्यांदा तो वैतागला होता.

अर्थिंगचा बोल्ट पुन्हा उघडून बघितला. तो ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर घेतलेला नाही. वेगळा आहे, त्याखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केलेला, दात्यांचा वॉशर, वर दुसरा नट. आतली हिरवी-पिवळी वायर फेज आणि न्यूट्रलपेक्षा बोटभर लांब ठेवलीय, म्हणजे हिसका बसलाच तर ती सर्वांत शेवटी तुटेल. बंद केल्यावरही कंडेन्सर वीज धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यावरचा दाब मीटर लावून घड्याळाकडे बघत मोजला. ४७ मायक्रोफॅरडचे दोन आहेत, ती वीज जिरवायला प्रत्येकावर २२० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टन्स. मिनिटभरात दहा व्होल्टच्या खाली.

दुपारी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ काढून बसलो. उत्पादन दायित्वाचं अख्खं प्रकरण आहे त्यात. उत्पादक कोण, तर वस्तू बनवणारा, आणि इतरांनी बनवलेले भाग जोडणारासुद्धा. म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाइंडरचा, व्हॉल्व परदेशी, पेटी सुताराची, तरी उत्पादक मी. कलम ८४ मध्ये बनावटीतला दोष आहे, रचनेतला दोष आहे, आणि नीट वापराच्या सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणं हेही आहे. लेखी हमी दिली आणि वस्तू तिला उतरली नाही, तर हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध करूनही सुटका नाही. कलम ८७ म्हणतं, इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा चालणार नाही. मित्राने पिन काढली, तो फेरफारच. ते वाचून क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. त्याच्या तोंडात मुंग्या आल्या तेव्हा मी काय त्याला कलम वाचून दाखवणार होतो?

सोबत द्यायचा कागद लिहिला, मराठीत, मोठ्या अक्षरात. मोठी पिन काढू नये. झाकण उघडू नये. फ्यूज उडाल्यास तेवढ्याच अँपिअरचा टाकावा, पुन्हा उडाल्यास अ‍ॅम्प बंद ठेवावा. हमिंग आलं तर काही न करता मला फोन करावा, मी येईन. शेवटची ओळ दोनदा अधोरेखित केली. हमी मात्र मला जेवढी खरंच निभावता येईल तेवढीच लिहिली. विम्याचं सोमवारी विचारणार आहे.

बायको म्हणाली, “एवढी धास्ती वाटते तर विकू नका ना.” मी म्हटलं, फुकट दिला तरी तार तीच आणि मुलगा तोच.

रविवार, रात्री

मेगाब्लॉकमुळे मुलुंडहून दुपारनंतरच निघालो. चौदा किलोचा अ‍ॅम्प चादरीत गुंडाळून लोकलच्या दारापासून आत, पाऊस उडू नये म्हणून. करी रोडला मुलगा छत्री घेऊन उभा होता. पुलाचे जिने त्याने उचलूच दिला नाही मला. “काका, तुम्ही फक्त छत्री धरा, माझ्यावर नको, त्याच्यावर.”

चाळीतली दहा बाय बाराची खोली. आजी, आई, कॉटवर गिटार. जुना लाकडी बोर्ड, त्यावर नवाकोरा पांढरा थ्री-पिन सॉकेट. आईने चहा ठेवला. मी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला, होल्डरला दोन वायरी, साठचा बल्ब. फेज आणि न्यूट्रल, बल्ब लख्ख पेटला. फेज आणि वरचं मोठं भोक, काहीच नाही. वायर नीट दाबून पुन्हा बघितलं. काहीच नाही.

मेन बंद करून सॉकेट उघडला. अर्थिंगच्या टर्मिनलचा स्क्रू कारखान्यातून आला तसाच होता, कधी सैलही न केलेला. वायर नव्हतीच. बोर्डापर्यंतही आलेली नव्हती. तीन भोकं असली की माणूस अर्थिंग आहे असं धरून चालतो. माझीसुद्धा सगळी तयारी, तो बोल्ट, तो वॉशर, तो ब्रिज, या रिकाम्या भोकात येऊन संपत होती. ब्रिजने वाट मोकळी केली असती आणि पुढे वाटच नव्हती.

“ह्याच बोर्डावर फ्रिज आहे?” मी विचारलं.

“हो ना,” आजी म्हणाल्या. “पावसाळ्यात त्याचं हँडल झिणझिणतं रे बाबा. म्हणून मी चप्पल घालूनच उघडते.”

खोलीत कुणीच काही बोललं नाही. आईने आधी चपलांकडे बघितलं, मग मुलाकडे.

मी सांगितलं, अर्थिंग झाल्याशिवाय अ‍ॅम्प इथे ठेवणार नाही. मुलाचा चेहरा पडला. “काका, मी फक्त हेडफोन... नाही, म्हणजे, हळूच वाजवेन. दोन दिवस.” मी त्याला गिटार घेऊन जवळ बसवलं आणि मीटरचा बीपर, दोन टोकं जोडलेली असली की वाजणारा, लावून दाखवलं. एक टोक तारेवर, दुसरं जॅकच्या कड्यावर. बीप. मग केबल लावून, तारेवर आणि केबलच्या दुसऱ्या टोकावर. बीप. “हे टोक अ‍ॅम्पमध्ये जातं. आता सांग, तू काय धरलंयस हातात?” तो बराच वेळ तारेकडे बघत राहिला. मग त्यानेच चादर उचलली आणि अ‍ॅम्प गुंडाळायला घेतला.

चाळीतल्या वायरमनला आईने तिथूनच फोन लावला. खालच्या मेन मीटरच्या खोलीत अर्थची पट्टी आहे, तिथून चार चौरस मिलिमीटरची हिरवी वायर वर आणायची, फ्रिजच्या सॉकेटलाही जोडायची आणि तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की पुरवठा तोडणारा स्विच, बसवायचा. खर्च मी अ‍ॅम्पच्या किमतीतून वळता करतो म्हटलं. आईंनी ऐकलं नाही. “ते आमचं घर आहे, भाऊ.” ईएलसीबी लागला तरी झाकण उघडायचं नाही, हेही सांगून आलो. आतले ३३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे. तिथला शॉक ईएलसीबीला दिसतच नाही.

परतीला जिने पुन्हा त्यानेच चढवले. गाडी येईपर्यंत अ‍ॅम्पवर हात ठेवून उभा होता.

वायरमन बुधवारी येतोय. गुरुवारी मी रजा टाकलीय. टेस्ट लॅम्प पिशवीतच आहे, बल्ब काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला.