ही बाई तळ्यात पाणी कशाला ओतायलीय?

पुण्यात नारायण पेठेत माझी टॅरो रीडिंगची, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून त्यांचा अर्थ सांगण्याची, छोटीशी खोली आहे. आजूबाजूला सगळ्या अभ्यासिका, त्यामुळे माझ्याकडे एमपीएससीवाली पोरं येतात आणि पोरांपेक्षा जास्त त्यांच्या आया. प्रश्न एकच, होईल का?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला केजकडच्या एक मावशी आल्या. मुलगा पाच वर्षं पुण्यात, दोनदा मेन्सपर्यंत गेला आणि यावेळी प्रिलिमलाच अडकला, तेव्हापासून खोलीबाहेर पडत नाही, मेसला जात नाही, फोन उचलत नाही म्हणून या एसटीने थेट आल्या. पोरगा सोबत होता पण आत यायला तयार नाही, जिन्यातच मोबाईल घेऊन बसला. मी आधी झोप-जेवणाचं विचारलं आणि एका काउन्सेलरचा नंबर लिहून दिला, कारण टॅरो हे औषध नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, धंदा कमी झाला तरी चालेल.

मग तीन कार्डं काढायला सांगितली. पहिलं एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून एकेक नाणं घडवणारा कारागीर. म्हणजे मेहनतीत खोट नाही. दुसरं टॉवर. वीज पडलेला बुरूज, वरून दोन माणसं खाली कोसळताहेत. मावशींनी पदर तोंडाला लावला. आणि तिसरं स्टार! टॉवरचा नंबर १६, स्टारचा १७, पत्त्यांच्या मूळ क्रमातच ती पडझडीनंतर येते, पण ७८ कार्डांतून अशी लागोपाठ ही दोघं निघाली की मलासुद्धा जरा काटा येतो.

आता इथे सोपं होतं. स्टार म्हणजे आशा, "मावशी, होणार बघा पोराचं", एवढं बोलले असते तर त्या खूश, मी खूश. खरं सांगते, सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी हेच करायचे.

पण मावशी स्टारच्या चित्रातच अडकल्या होत्या. आधी त्यातली बाई उघडी आहे म्हणून लाजल्या (बऱ्याच बायका लाजतात), मग कार्ड डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, "ताई, ही बाई तळ्यात पाणी कशाला ओतायलीय? तळ्यात तर हायच की पाणी!"

मी दोन घागरींचं नेहमीचं सुरू केलं. एक पाण्यात, एक जमिनीवर, म्हणजे एक मनासाठी आणि एक रोजच्या जगण्यासाठी, एक पाय पाण्यावर, गुडघा मातीत, वगैरे. त्यांनी मला मधेच थांबवलं. "आन् हिकडं बघा, हिकडं दारं धरलीत तिनं. एक, दोन, तीन... पाच." दारं धरणं म्हणजे शेतात पाणी वळवून देणं.

जमिनीवर ओतलेल्या पाण्याचे पाच ओघळ आहेत ते मला माहीत होतं, पाच इंद्रियं असा अर्थ सांगतात. पत्त्यांचा हा डेक १९०९ सालचा, लंडनमध्ये आलेला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेली. त्यात कुणाला दारं धरलेली दिसतील असं मला कधी सुचलंच नसतं.

मावशींनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "आरं ये हिकडं, बघ तू काय करायलायस ते!" पोरगा नाइलाजाने आला. त्या म्हणाल्या, "पाच वर्षं सगळं ह्या तळ्यात ओतायलास तू. वावर तसंच कोरडं."

मला वाटलं आता भांडण होतं. तो कार्डाकडे बघत राहिला आणि मग मला विचारलं, "मॅडम, हे आलं म्हणजे पोस्ट मिळणार का?"

मी म्हटलं, "नाही. हे कार्ड पोस्टबद्दल काहीच बोलत नाही. बुरूज पडला तरी ही बाई बसून पाणी घालतेय, एवढंच आहे त्यात. कुठल्या घागरीतलं कुठे घालायचं ते तुझं तू बघ."

तो हसला. "सगळे होईल होईलच म्हणतात," म्हणाला. मग खुर्ची ओढून बसलाच. "आणि हा मागे झाडावर कोण आहे?"

"आयबिस समजतात त्याला. जुन्या इजिप्तमध्ये लिहिण्या-वाचण्याच्या देवाचा पक्षी. आपल्याकडचा शराटी त्याच्याच जातकुळीतला."

"शराटी? आमच्या वावरात येतात की," तो आईकडे वळून म्हणाला.

"येतात ना," मावशी म्हणाल्या, "नांगरट झाली की येतात."